उन्हाळ्यात गड चढताना

परीक्षा संपल्या की मळवली स्टेशनवर लोकलमधून पाठीवर पिशव्या घेतलेल्या मुलामुलींचे घोळके उतरू लागतात. कुणी भाजे लेणी पाहायला आलेले असते, कुणाला लोहगड आणि विसापूर एकाच दिवसात करायचे असतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्यात शिवनेरी, राजगड आणि लोहगड हे आपल्या जिल्ह्यातले तीन किल्ले आहेत. मुलांनी सुट्टीत हे किल्ले पाहावेत, पायांना चालण्याची सवय लावावी, यासारखी चांगली गोष्ट नाही. मात्र एक गोष्ट मनाशी पक्की असावी. पावसाळ्यातला मावळ वेगळा आणि एप्रिल-मे महिन्यातला मावळ वेगळा.

लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. हे ऐकून बाहेरचा माणूस समजतो की इथे बारा महिने गारवा आणि पाणी असणार. पण हा पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो आणि काळ्या कातळाच्या उभ्या उतारांवरून इंद्रायणी-पवनेकडे धावत सुटतो. गडमाथ्यावर मातीचा थर पातळ, त्यामुळे पाणी धरून ठेवणारे काही उरत नाही. होळी उलटली की गवताचे वाळून काड होते आणि ज्या वाटेने श्रावणात गुडघाभर पाणी वाहते तिथे नुसते तापलेले धोंडे उरतात. एखाद्या वाळवंटातल्या डोंगरात आणि वैशाखातल्या विसापुरात चालणाऱ्याच्या शरीराला फारसा फरक जाणवत नाही.

विसापूरचा माथा

मी मावळात बरीच वर्षे दवाखाना चालवतो आणि सवड मिळेल तसा गडांवर जातो. एका एप्रिलमध्ये दोघा मित्रांबरोबर भाज्याकडून विसापूर चढलो. पहाटेच्या लोकलने मळवलीला उतरलो, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला आणि उजाडताना भाजे गावात पोहोचलो. अंगण झाडणाऱ्या एका मावशींनी विचारले, "वर निघालात जनू? उन्हं चढायच्या आत खाली या बरं का, डॉक्टर. वर टेकायला झाड न्हाई." एवढ्या दोन वाक्यांत त्यांनी सगळे आरोग्यशास्त्र सांगून टाकले.

विसापूर लोहगडापेक्षा थोडा उंच आणि माथ्याला फार ऐसपैस आहे. लांबच लांब तटबंदी, छप्पर नसलेल्या घरांच्या भिंती, चुन्याच्या घाण्याचे प्रचंड दगडी चाक, तोफ, कातळात कोरलेला मारुती आणि जागोजागी पाण्याची टाकी. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी हा किल्ला घेतला. तो हातचा गेल्यावर शेजारचा लोहगडही टिकला नाही. आज या पडक्या भिंतींची सावली सकाळी थोडी मिळते. दुपारी बाराला ती पायाशी येते आणि मग पठारावर आडोसा म्हणून राहत नाही. लोणावळ्याचा पारा या दिवसांत पस्तीस अंशांच्या पुढे जातो. गडावर हवा दोन-तीन अंशांनी कमी असेल, पण वरून सूर्य आणि खालून तापलेला कातळ अशी दोन्हीकडून शेक लागते. वारा घाम लगेच वाळवतो, म्हणून आपल्याला किती घाम गेला हेही कळत नाही.

आधी पाणी

जुन्या लोकांना हे सारे ठाऊक होते. भाजे लेण्यांत पाण्याच्या एका टाक्याजवळ, त्या काळच्या भाषेत पोढीजवळ, शिलालेख आहे. महारठी कोसिकीपुत विण्हुदत नावाच्या माणसाने ही पोढी दान दिली, असे त्यात नोंदले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पाण्याचे टाके हे आपले नाव दगडावर कोरून ठेवावे एवढ्या मोलाचे दान होते. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात किल्ला बांधण्याआधी तिथे पाणी आहे की नाही ते पाहायला सांगितले. नसेल तर खडक फोडून टाकी करावीत आणि एकाच झऱ्यावर विसंबून राहू नये, असाही त्यांचा सल्ला आहे. लोहगडावरचे सोळा कोनी तळे नाना फडणवीसांनी बांधवले. तट आणि दरवाजे शत्रूसाठी होते, पाणी मात्र आपल्या माणसांसाठी होते, आणि पाण्याचा विचार आधी होत असे. गड पाहायला जाणाऱ्याने निदान एवढे तरी तिथून शिकावे.

शरीरात काय घडते?

चढण चढताना स्नायू भराभर काम करतात आणि त्यातून पुष्कळ उष्णता तयार होते. ती बाहेर टाकण्यासाठी शरीराकडे दोन उपाय आहेत. एक म्हणजे कातडीकडे जास्त रक्त पाठवणे आणि दुसरा घाम. उन्हात चढताना तासाला एक लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम जाऊ शकतो. तेवढे पाणी परत मिळाले नाही तर रक्तातील द्रव कमी होतो आणि हृदयाची धडधड वाढते. स्नायूंना रक्त द्यावे की कातडीला, अशी ओढाताण सुरू होते. पोटऱ्यांत गोळे येणे, डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे, भरपूर घाम आणि गळून जाणे ही पहिली पायरी होय. सावली, विश्रांती आणि मीठ-साखरेचे पाणी मिळाले तर माणूस इथून परत फिरतो.

इथे दुर्लक्ष झाले तर दुसरी पायरी येते. शरीराची उष्णता चाळीस अंश सेल्सियसच्या म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या पुढे जाते आणि मेंदूवर परिणाम होतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो, झटके येतात किंवा शुद्ध हरपते. हा उष्माघात. यात मूत्रपिंडे, यकृत, रक्त गोठण्याची क्रिया सारेच कोलमडू शकते. पुष्कळ लोकांचा समज असतो की उष्माघातात कातडी कोरडीच पडते. म्हाताऱ्या माणसाला घरात बसून उष्माघात झाला तर बहुधा तसे असते. श्रमाने झालेल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलेही असू शकते. म्हणून घामावर जाऊ नका, बोलण्यावर जा. उन्हात चालणारा सोबती विचित्र बोलू-वागू लागला की तो उष्माघात समजावा.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर झालेल्या जाहीर कार्यक्रमानंतर उष्माघाताने चौदा जणांचे प्राण गेले. ती माणसे काही गड चढत नव्हती. सावली नसलेल्या जागी तासन्‌तास बसली होती. उन्हात नुसते बसण्याचा हा परिणाम असेल, तर चढण्याचा काय होईल याचा विचार करावा.

त्या दिवशी काय झाले

आम्ही दहाच्या सुमारास उतरायला निघालो, तेव्हा तटाजवळ कॉलेजातली पाच मुले नुकतीच वर पोहोचत होती. प्रत्येकाकडे एक-एक लिटरची बाटली, तीही जवळजवळ रिकामी. त्यांतला एक धिप्पाड मुलगा सगळ्यांच्या पुढे चढला होता. तो भिंतीला टेकून बसला आणि मित्रांना भलत्याच नावांनी हाका मारू लागला. मित्र हसत होते. त्यांना वाटले, गंमत करतोय. मी त्याच्या मानेला हात लावला तर चटका बसला. आपण कुठे आहोत हे त्याला सांगता येईना.

त्याला आडवे करून आम्ही दोन शर्ट वर धरले आणि सावली केली. त्याचे बूट आणि अंगातले कपडे काढले. जवळच्या टाक्यात तळाशी हिरवट पाणी होते. पिण्याच्या कामाचे नव्हते, पण अंगावर ओतायला उत्तम होते. बाटल्या भरभरून त्याला डोक्यापासून पायांपर्यंत भिजवत राहिलो आणि दोघे जण टोप्यांनी वारा घालत राहिले. एकाने १०८ क्रमांकाला फोन लावला. पंधरा-वीस मिनिटांनी मुलाने डोळे नीट उघडले आणि विचारले, "काका, आम्ही वर पोहोचलो का?" गावातल्या चार तरुणांनी त्याला डोलीसारखे उचलून खाली आणले. पुढे रुग्णालयात मूत्रपिंडाच्या तपासण्या झाल्या, सलाईन लागले आणि तो चार दिवसांनी घरी गेला. अर्धा-पाऊण तास उशीर झाला असता तर ही हकिकत वेगळी सांगावी लागली असती.

आधी थंड करा, मग हलवा

उष्माघातात पहिला अर्धा तास निर्णायक असतो आणि गडावर त्या अर्ध्या तासात डॉक्टर येत नाही. सोबत्यांनीच करायचे ते असे.

सावलीत निजवावे, कपडे सैल करावेत किंवा काढावेत. मिळेल त्या पाण्याने सारे अंग भिजवावे आणि सतत वारा घालावा. मान, काखा आणि जांघांत ओली फडकी ठेवावीत व ती बदलत राहावे. एकाने त्याच वेळी १०८ ला कळवावे. रुग्ण पूर्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. तापाची गोळी देऊ नये. हा ताप जंतूंचा नव्हे, गोळीने तो उतरत नाही आणि यकृताला त्रास मात्र होतो. काखेत थर्मामीटर लावून ठरवत बसू नये, तो अशा वेळी कमी आकडा दाखवतो. बरे वाटले तरी रुग्णाला चालत उतरवू नये आणि रुग्णालयात न्यायला टाळाटाळ करू नये.

पाणी किती, मीठ किती?

चढायला दोन तास, पाहायला एक आणि उतरायला दीड तास धरला तर साडेचार तासांची वाटचाल होते. तासाला पाऊण लिटर धरले तरी माणशी तीन ते साडेतीन लिटर पाणी लागते. ओझे होते खरे, पण ते वाटेत कमी होत जाते. तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी कपभर प्यावे. लघवी फिकट पिवळी असली की पाणी पुरेसे आहे. गडद आणि थोडी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे.

उलट टोकही गाठू नये. घामातून मीठही जाते. तासाला दीड-दोन लिटर नुसते साधे पाणी ढोसत राहिले तर रक्तातील सोडियम घटते, डोके दुखते, भ्रम होतो आणि झटकेही येऊ शकतात. म्हणून निम्मे पाणी साधे आणि निम्मे क्षारांचे असावे. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पुरी विरघळवावी. घरी करायचे तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, कोकम किंवा लिंबाचे सरबत आणि सोबत भाकरी-चटणी किंवा दाणे हेही उत्तम. खिशात कांदा ठेवायला हरकत नाही, पण तो पाण्याची जागा घेत नाही.

गडावरच्या टाक्यांतले पाणी पिऊ नये. त्यातून कावीळ, विषमज्वर, जुलाब होतात. अगदीच वेळ आली तर फडक्यातून गाळून, क्लोरीनची गोळी वा थेंब टाकून अर्धा तास थांबावे. अंगावर घ्यायला मात्र ते पाणी देवासारखे धावून येते, म्हणून वर जाताना टाकी कुठे आहेत ते पाहून ठेवावे.

कुणी जाऊ नये?

नुकताच ताप किंवा जुलाब होऊन गेला असेल, रात्री जागरण वा मद्यपान झाले असेल, तर त्या दिवशी उन्हाळ्यात गड नको. रक्तदाबासाठी पाणी काढणाऱ्या गोळ्या, हृदयाची गती कमी करणाऱ्या गोळ्या, काही मानसोपचाराची औषधे आणि सर्दी-ॲलर्जीची काही औषधे यांनी उष्णता सोसण्याची ताकद घटते. अशांनी, तसेच इन्शुलिन घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मिठाचे पाणीही विचारूनच घ्यावे. तंदुरुस्त तरुणालाही उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. वर्षभर पंख्याखाली बसून पहिल्याच रविवारी विसापूर गाठणे बरे नव्हे.

अमेरिकेत ग्रँड कॅन्यन ही प्रचंड कोरडी दरी आहे. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात तिथे चालू नका, असे तिथले रक्षक येणाऱ्यांना सांगतात. आपल्या मावळातला शेतकरी हेच वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या पाळत आला आहे. पहाटे शेतावर जायचे, दुपारी आंब्याखाली टेकायचे आणि उन्हे कलली की पुन्हा कामाला लागायचे. मुलांना गडावर पाठवताना आयाबापांनी एवढेच पाहावे. गाडी पहाटेची आहे का, प्रत्येकाच्या पिशवीत तीन लिटर पाणी आणि ओआरएसच्या दोन पुड्या आहेत का, डोक्यावर टोपी वा उपरणे आहे का, आणि दहाच्या आत परत फिरायचे हे सर्वांना माहीत आहे का. आणि हो, सगळ्यांत दमलेल्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचे, हेही बजावून सांगावे. गड कुठे पळून जात नाही. अर्ध्या वाटेवरून परतलेला मुलगा मार्गशीर्षात पुन्हा जाईल आणि थंडीत तो गड अधिक निवांत पाहील.