चोको : परसातला वेल, थकल्या दातांची भाजी

वाढत्या वयात दात हलू लागले, कवळी नीट बसेनाशी झाली की ताटातून सर्वप्रथम भाज्या कमी होतात. मग मऊ भातावरच भागवले जाते आणि बद्धकोष्ठतेची तक्रार सुरू होते. अशा वेळी उपयोगी पडणारे फळ म्हणजे चोको. मेक्सिको व मध्य अमेरिका हे त्याचे मूळ स्थान. 'चोको' हे ऑस्ट्रेलियातील नाव. तमिळनाडूत त्यास 'चौ चौ', तर कर्नाटकात 'सीमे बदनेकाई' म्हणतात. फिकट हिरव्या रंगाचे, नासपतीच्या आकाराचे हे फळ दुधी-काकडीच्याच कुळातले.

लागवड
ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या उष्ण हवेत परसातील कुंपणावर हा वेल सहज फोफावतो. येथे बी वेगळे काढत नाहीत. अखंड फळच लावतात. जून फळ घरात ठेवले की त्याच्या रुंद टोकातून कोंब फुटतो. तेथील वसंतात, म्हणजे सप्टेंबरच्या सुमारास, ते आडवे ठेवून अर्धे मातीत पुरावे. कोंब मातीबाहेर राहू द्यावा. शेणखत, नियमित पाणी आणि भक्कम मांडव पुरेसा होतो. नर व मादी फुले एकाच वेलावर येत असल्याने बहुधा एकच वेल घराला पुरतो. दिवस लहान होऊ लागले की फळे धरतात. मांडव मात्र हाताच्या उंचीचाच ठेवावा. फळांसाठी वृद्धांनी शिडी चढू नये.

आहार
सोलताना निघणारा चीक हातांना चिकटतो. म्हणून हाताला तेल लावावे किंवा फळ पाण्यात धरून सोलावे. कोवळ्या फळाचे तुकडे वाफवल्यास जिभेने दाबले तरी मोडतात. 100 ग्रॅम चोकोत सुमारे 19 कॅलरी, दीड ग्रॅमहून थोडे अधिक तंतू आणि अत्यल्प सोडियम असते.

परंतु येथेच सावध राहावे. मऊ भाजीने पोट भरते, शक्ती मात्र भरून येत नाही. वजन घटत असलेल्या आजी-आजोबांना नुसता चोको देऊ नये. मुगाची डाळ, ओले खोबरे किंवा दही घालून द्यावा. गिळताना ठसका लागत असल्यास, अथवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास, प्रमाण आणि स्वरूप वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे.