रक्त आलं नाही, म्हणजे दुखलं नाही?

कर्जतच्या कशेळे-खांडस पट्ट्यात आणि खालापूरच्या वाड्यांवर शेरडं एकत्रच रानात जातात. नर वेगळे बांधायला जागा नसते, म्हणून विकायचे बोकड लहानपणीच खच्ची करून घेतात. अंगी मांस धरतं, मटणाला उग्र वास राहत नाही, कळपात नको ती वीण टळते.

हे काम मी जवळून पाहिलं. एकाने करडाला मांडीवर उताणं धरलं. डॉक्टरांनी अंडकोशाच्या वर चाचपून आतली शीर कडेला घेतली आणि बर्डिझोचा चिमटा दाबला. इटालियन पशुवैद्य बर्डिझो यांच्या नावाचं हे अवजार कातडी न फाडता आतली शीर आणि रक्तवाहिन्या चिरडतं. दुसऱ्या बाजूला चिमटा थोडा खाली लावला. दोन्ही वळ जुळले तर कातडीच सडायची. पुढच्या काही आठवड्यांत अंड सुकून जातं. इथल्या पावसात उघड्या जखमेला माश्या बसून किडे पडतात, त्यामुळे हा चिमटा सोयीचा.

करडू एकदा जिवाच्या आकांताने ओरडलं. खाली सोडल्यावर गप्प. सगळ्यांना वाटलं, झालं. पण ते मागचे पाय फाकवून उभंच राहिलं, आईजवळ जाऊनही पिईना.

खच्ची करताना होणाऱ्या या दुखण्याचा युरोपात डुकराच्या पिल्लांवर बराच अभ्यास झाला आहे. खच्चीकरणानंतर मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतात. रक्तातली त्याची पातळी तासाभराच्या आत कमाल गाठते आणि काही तासांत उतरते. नुसतं धरल्यानेही ती थोडी वाढते, खच्ची केलेल्या पिल्लात मात्र खूपच जास्त. ती उतरल्यावरही दुखणं वागण्यात दिसत राहतं. नॉर्वेने २००२ पासून आणि जर्मनीने २०२१ पासून भुलीशिवाय पिल्लं खच्ची करणं बंद केलं. वासरांना बर्डिझो लावल्यावरही कॉर्टिसॉल चढतं, रक्ताचा थेंब न सांडता.

उपाय महाग नाही. आधी लिग्नोकेनने जागा बधिर करायची आणि नंतरच्या ठणक्यासाठी मेलॉक्सिकॅम द्यायचं. शेळीला लिग्नोकेन जास्त झालं तर बाधतं, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. ठणक्यासाठी डायक्लोफिनॅक मात्र नको. गिधाडांच्या जिवावर उठलेलं हे औषध जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, आणि कर्जत-खालापूरच्याच जिल्ह्यात, म्हसळ्याच्या चिरगावात, गिधाडांची वसाहत आहे.

बोकड खच्ची करायला न्याल तेव्हा बधिरतेचं इंजेक्शन स्वतःहून मागा, आणि ते लागू होईपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबा.