कोणी कोणाला काय म्हणायचं?

न्यायमूर्ती रानडे गेल्यावर रमाबाईंनी त्यांच्या आठवणी लिहायला घेतल्या, तेव्हा अडचण नावाचीच होती. पुस्तकभर नवऱ्याचा वावर, आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. रमाबाईंनी त्यावर एक सुंदर तोड काढली. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात रानडे येतात ते ‘स्वतः’ म्हणून. या पुस्तकाचं १९३८ साली इंग्रजी भाषांतर झालं, तेव्हा त्याचं नावही ‘हिमसेल्फ’ असंच ठेवलं गेलं.

पुढे लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. त्यांनी नवऱ्याला सरळ ‘टिळक’ म्हटलं. सुनीताबाई देशपांड्यांच्या ‘आहे मनोहर तरी’मध्ये (१९९०) पु. ल. आहेत ‘भाई’. तिघींचे संसार वेगळे, काळ वेगळे. पण नवऱ्याला काय म्हणायचं हे प्रत्येकीने आपलं आपण ठरवलं आणि ते अखेरपर्यंत निभावलं.

या बाबतीत सगळ्यात धीट घर कदाचित कर्व्यांचं. इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांची मुलं आईला ‘इरू’ आणि वडिलांना ‘दिनू’ म्हणत. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य दिनकर धोंडो कर्वे घरात मुलांचे ‘दिनू’ होते. आणि याच इरावतीबाईंनी देशभरातल्या भाषांमधले नात्यांचे शब्द गोळा करून ‘किन्शिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा ग्रंथ १९५३ साली लिहिला. नात्यांच्या शब्दांचं मोल त्यांच्याइतकं फार थोड्यांना कळलं असेल. तरीही आपल्या घरात त्यांनी नावानेच हाक मारू दिली. म्हणजे हाक हा नियमाचा जितका भाग आहे तितकाच आवडीचाही आहे.

मात्र ही आवड कुठून येते, हे पाहण्यासारखं आहे.

एकत्र कुटुंबात मूल आईबापांना काय म्हणेल हे आईबाप ठरवत नसत. घरात जी हाक सतत कानावर पडे तीच मूल उचले. धाकटे भाऊ ज्याला ‘दादा’ म्हणत, तो स्वतःच्या मुलांचाही ‘दादा’ व्हायचा. दीर जिला ‘वहिनी’ म्हणत, तिला तिची पोटची मुलंही ‘वहिनी’च म्हणत. जुन्या पिढीतल्या कितीतरी घरांत आई ही ‘वहिनी’, ‘काकू’, ‘माई’, ‘अक्का’ किंवा ‘जिजी’ होती आणि वडील ‘अण्णा’, ‘तात्या’, ‘नाना’, ‘आप्पा’ किंवा ‘भाऊ’. ‘श्यामची आई’मधला श्याम वडिलांना ‘भाऊ’ म्हणतो, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. माडगूळकरांपैकी थोरले ग. दि. मा. ‘अण्णा’ झाले आणि व्यंकटेश ‘तात्या’. ही नावं घरातून गावात गेली आणि गावातून महाराष्ट्रात. राजकारणातही वसंतदादा आणि आर. आर. आबा असेच सर्वांचे झाले.

कुटुंबं लहान झाली, फ्लॅटमध्ये काका-आत्या उरले नाहीत, आणि ‘आई-बाबा’ ही जोडी सर्वदूर पसरली. तिच्या बरोबरीने ‘मम्मी-पप्पा’ही आले. ‘मम्मी’वर मराठी घरांत पुष्कळ वाद झाले आहेत आणि अजून होतात. पण ज्यावर वाद व्हायला हवा होता ते तसंच राहून गेलं. खेड्यातून शहरातल्या वसतिगृहात आलेली पोरं फोनवर ‘आये’, ‘माय’, ‘बा’ म्हणताना आवाज खाली आणतात, कारण खोलीतले बाकीचे हसतात. ‘बाप’ हा शब्द शहरी कानाला उद्धट वाटतो. नरेंद्र जाधवांनी आपल्या पुस्तकाला ‘आमचा बाप आन् आम्ही’ हे नाव दिलं, तेव्हा त्या शब्दातली माया सगळ्या महाराष्ट्राला वाचता आली. अमुक हाक सभ्य आणि तमुक गावंढळ, ही प्रतवारी निव्वळ अन्यायाची आहे.

प्रदेश बदलला की यादी बदलते. बहिणीचा नवरा सातारा-कोल्हापूरकडे ‘दाजी’ असतो, पुण्यात ‘भावोजी’ किंवा ‘जिजाजी’. वडिलांच्या थोरल्या भावाला आणि त्याच्या बायकोला विदर्भात ‘मोठे बाबा’, ‘मोठी आई’ म्हणतात. एकाच चुलतीला एका घरात ‘काकू’ म्हणतात आणि शेजारच्या घरात ‘काकी’. दोन्ही घरांना दुसऱ्याचा शब्द थोडा परका वाटतो.

सासरच्या हाकांमध्ये तर समाजाचा इतिहासच भरून राहिला आहे. सासऱ्याला ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ का म्हणत? महाराष्ट्रातल्या बऱ्याच जातींमध्ये मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत होती, काही ठिकाणी आजही आहे. अशा लग्नात मुलीची सासू ही तिची सख्खी आत्याच असते, आणि पश्चिम महाराष्ट्रात आत्याच्या नवऱ्याला ‘मामा’ म्हणतातच. सासर म्हणजे आधीपासून ओळखीचं घर, म्हणून हाकाही आधीच्याच. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने बहीण-भावाच्या मुलांमधलं लग्न निषिद्ध नात्यात धरलं, पण जिथे तशी रूढी आहे तिथे मुभा ठेवली. कोकणस्थ ब्राह्मणांसारख्या समाजांत असं लग्न चालत नसे, तरी ‘मामंजी’ तिथेही रुजले. रीत नसली तरी शब्द राहिला.

आजच्या सुनेला ‘आत्याबाई’ म्हणवत नाही. नुसतं ‘आई’ म्हणताना अनेकींची जीभ अडखळते, कारण ती हाक आधीच एका व्यक्तीला दिलेली आहे. त्यातून गेल्या काही वर्षांत ‘अहो आई’ ही हाक घडली. जन्मदात्रीला ‘अगं आई’, सासूला ‘अहो आई’. मोबाइलमध्ये नंबरही याच नावाने साठवले जातात. ही हाक कुठल्या समितीने सुचवली नाही, ती मुलींनी आपल्या गरजेतून घडवली. म्हणूनच ती टिकेल.

अगं-अहोचा हा हिशेब वडिलांच्या बाजूनेही बदलला. आई पूर्वीपासून ‘अगं’च होती. वडिलांना मात्र ‘अहो बाबा’ म्हणायचं, आणि तेही बेताने. आता शहरी घरांत ‘ए बाबा’ सर्रास ऐकू येतं. जुन्या माणसांना ते खटकतं, पण बापाच्या गळ्यात पडून बोलता येणं ही त्या पोरांची मोठी कमाई आहे.

लग्नपत्रिका हातात घेऊन पाहावी. वर ‘चि.’, ‘चि. सौ. कां.’, ‘श्री.’, ‘सौ.’ अशी सारी शिस्त. आणि तळाशी ‘किलबिल’ या मथळ्याखाली चिंटू, पिंकी, सोनू यांची नावं आणि ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ हे आमंत्रण. तिथे वर ना चिरंजीव असतो ना श्रीयुत, तो नुसता ‘काका’ असतो. साऱ्या पत्रिकेत घरच्या बोलीतली ओळ तेवढी एकच.

खरी कुरबुर सुरू होते ती नात्याबाहेर. चाळिशीच्या बाईला भाजीवाला ‘काकू’ म्हणाला की तिला ते लागतं, ‘ताई’ चालतं. पुरुषांचंही ‘काका’वरून तेच. घरकाम करणाऱ्या बाईला ‘मावशी’ म्हणायची पद्धत चांगलीच, पण तिला हक्काची सुट्टी आणि वेळेवर पगार नाकारून नुसती ‘मावशी’ ही हाक दिली, तर त्या नात्याला अर्थ नाही.

हाक मारणाऱ्याचा जसा हक्क आहे तसा हाक ऐकणाऱ्याचाही आहे. आजीला ‘नानी’ व्हायचं नसेल, तिला ‘आजी’च हवी असेल, तर नातवंडाला तेच शिकवावं. नव्या सुनेला, नव्या जावयाला पहिल्याच आठवड्यात विचारावं, की आम्हाला काय म्हणायला तुला बरं वाटेल, आणि तुला आम्ही काय म्हणू? आणि घरात कुणी पणजीला ‘जिजी’ किंवा चुलत्याला ‘बापू’ म्हणत असेल, तर ते का, हे घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून वहीत लिहून ठेवावं.