रुळावरून घसरलेला रविवार

लग्नाआधी ऑफिसच्या कामासाठी जर्मनीला गेलो होतो. टीममधल्या सगळ्यांनी येताना परफ्यूम आणि चॉकलेटं आणली. मी ट्रेन आणली! एचओ स्केलची. म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान, दोन रुळांमधलं अंतर जेमतेम १६.५ मिलिमीटर. आठवडाभर डेडलाइन्स आणि रविवारी टेबलावरच्या प्लायवुडवर गोल गोल फिरणारी गाडी. स्ट्रेस घालवायचा आपला फंडा एकदम सिंपल होता.

मग आमचे चिरंजीव चार वर्षांचे झाले.

त्यांना गाडी बघायची नव्हती, पळवायची होती. एका रविवारी मी फोन घ्यायला वळलो आणि साहेबांनी कंट्रोलरचं बटण पूर्ण फिरवलं. बारा व्होल्ट मिळाल्यावर इंजिन वळण कशाला घेतंय? थेट फरशीवर. डबा जोडायचा आकडा तुटला. मी ओरडलो. जरा जास्तच.

पुढचे तीन रविवार तो टेबलाकडे फिरकलाच नाही. आजीने विचारलं तर म्हणाला, ‘‘ती बाबाची गाडी आहे.’’ खरं सांगू? अप्रेझलमध्येही इतकं लागलं नव्हतं.

समेट म्हणून त्याला पुण्यात कोथरूडला, जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये नेलं. भाऊसाहेब जोशींच्या छंदातून उभं राहिलेलं हे छोटं शहर १९९८ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. दिवे मालवले, इवल्या घरांत उजेड झाला, गाड्या धावू लागल्या. चिरंजीव खूश! बाहेर पडताना मात्र म्हणाला, ‘‘बाबा, इथे हात लावायचा नाही ना? मग घरी?’’

‘‘घरी लावायचा,’’ मी म्हणालो. म्हणावंच लागलं.

आता प्लायवुड टेबलावरून खाली उतरलंय. कंट्रोलरवर अर्ध्यावर लाल टेप चिकटवलीय, त्यापुढे बटण न्यायचं नाही. प्लग लावणं माझं काम, सुट्टे बारीक भागही माझ्याच डब्यात. रूळ पुसायचं खातं त्याचं. बोटांचा तेलकटपणा आणि धूळ बसली की वीज इंजिनापर्यंत नीट पोचत नाही आणि गाडी अडते, हे तो आता आजीलाही समजावतो. विजेची दिशा उलटी केली की गाडी मागे जाते, ही त्याच्या मते जादू आहे. उशांचा खंडाळ्याचा घाट झालाय, बुटांच्या खोक्याचा बोगदा. स्केलची पार वाट लागलीय. ८७ पट लहान गाडीसमोर फाटकात उभी आहे एक प्लास्टिकची गाय, इंजिनाच्या दुप्पट उंचीची. माझ्यातला शिस्तीचा हौशी माणूस आतल्या आत कळवळतो, पण गप्प बसतो.

तुटलेला आकडा सुटा मिळतो, बदलायला दहा मिनिटंही लागत नाहीत. पण परवा चिरंजीवांनी आजीच्या विणकामातला लाल धागा घेतला आणि इंजिन-डबा गाठ मारून बांधले. गाडी सुटली, गाय आडवी झाली. ‘‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्या,’’ आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशी अनाउन्समेंट झाली.

नवा आकडा आणलाय. पाकीट अजून फोडलेलं नाही.