यंत्रमागाच्या वरच्या मजल्यावरचा कॉम्प्युटर

'कॉम्प्युटर स्लो झालाय, व्हायरस आला असेल.' भिवंडीत या तक्रारीवर गेलेला जाणता दुरुस्तीवाला की-बोर्डला हात लावण्याआधी स्क्रू-ड्रायव्हर काढतो. गेली बरीच वर्षं पद्मानगर, कणेरी, धामणकर नाका या भागांत घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका भाईंसोबत मी फिरलो, ते हेच बघायला. घरच्या कॉम्प्युटरची काळजी कशी घ्यावी याबद्दल जे सल्ले सगळीकडे वाचायला मिळतात, ते बहुतेक काचेच्या खिडक्यांच्या, एसीच्या खोल्यांसाठी लिहिलेले असतात. खाली यंत्रमागांची खडखड आणि वर बिऱ्हाड, अशा घरात त्यांतले निम्मे लागू पडत नाहीत आणि जे खरोखर लागतात ते त्यांत सापडत नाहीत.

पद्मानगर ही मुख्यतः तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती. ज्या घरी आम्ही गेलो तिथे कॉम्प्युटरवर कारखान्याचा हिशेब, जीएसटीचं काम, मुलाचा अभ्यास आणि घरातल्या लग्नकार्यांचे फोटो असं सगळंच होतं. वहिनी हिशेब बघतात. त्या म्हणाल्या, "सकाळी बरा चालतो. दुपारी बिलं करायला बसलं की अडकतो आणि मग आपोआप बंद पडतो."

भाईंनी विचारलं, "बंद पडल्यावर लगेच चालू होतो का?"

"नाही. जरा वेळानं होतो."

"मग तो तापतोय."

त्यांनी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि वहिनींना दोन-तीन जड कामं एकत्र सुरू करायला सांगितलं. परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसरचा मूळ वेग लिहिलेला असतो आणि शेजारी त्या क्षणाचा चालू वेग. मशीन रिकामं असताना चालू वेग कमी दिसणं स्वाभाविक आहे. पण काम अंगावर असताना तो मूळ वेगाच्या निम्म्यावर यायला लागला, तर प्रोसेसर स्वतःला वाचवतोय असं समजावं. १०० अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की आजचे प्रोसेसर आपणहून वेग उतरवतात, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर मशीन बंद होतं. यात व्हायरसचा काही संबंध नाही.

मग मशीन बंद करून प्लग काढला आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेला विजेचा साठा निघून जातो. मागचे दोन स्क्रू काढून डावी बाजू सरकवली. आत हात घालण्याआधी भाईंनी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोटं टेकवली. अंगातली स्थिर वीज चिपवर उतरू नये म्हणून हे करायचं, आणि काम करताना अधूनमधून पुन्हा करायचं.

प्रोसेसरवरचा पंखा वरून बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होता. बहुतेक जण इथेच फसतात. पंख्यावरून ब्रश फिरवतात आणि झाकण लावून टाकतात. भाईंनी पंखा त्याच्या क्लिपांमधून सोडवून उचलला, तेव्हा खाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर राखाडी रंगाचा एक थर दिसला. तो धुळीचा नव्हता, सुताचा होता. भाईंनी चिमट्यानं एक कडा उचलली आणि गोल तुकडा अख्खाच्या अख्खा निघून आला, जाड नमद्यासारखा. पंखा इतके दिवस फिरत होता, पण त्याचा वारा पट्ट्यांपर्यंत पोचतच नव्हता.

हा थर एवढा घट्ट का बसतो, तेही समजून घेण्यासारखं आहे. मागावर चढणाऱ्या ताण्याच्या सुताला आधी खळ दिलेली असते. भिवंडीत त्यासाठी वेगळे सायझिंगचे कारखाने आहेत. विणताना सूत घासलं जातं आणि तंतूंबरोबर ही वाळलेली खळही उडते. त्यात कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून मागाच्या खोलीत दमटपणा लागतो. पावसाळ्यात तर बाहेरची हवाही ओली. खळीनं ओल धरली की तंतू एकमेकांना आणि पत्र्याला चिकटतात, नि पंख्याच्या उष्णतेनं तिथेच वाळतात. नुसत्या फुंकरीनं ते निघत नाहीत. हीच कापसाची धूळ सूतगिरणीच्या आणि मागाच्या कामगारांच्या छातीत जाते. बिसिनोसिस हा त्यांचा आजार वैद्यकाला कधीचा ठाऊक आहे. कॅबिनेटमधून निघालेला तो तुकडा हातात घेतल्यावर मला आधी खालच्या मजल्यावर उभ्या असलेल्या माणसांची आठवण झाली, आणि ती इथे नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सफाई भाईंनी रंगाच्या मऊ कोऱ्या ब्रशनं आणि ब्लोअरनं केली. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवलं. मोकळा सोडला तर वाऱ्यानं तो नेमून दिलेल्या वेगापेक्षा किती तरी जोरात फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. घरातला व्हॅक्युम क्लीनर आत घालू नये, कारण त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. ओलं फडकं तर नाहीच. वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा बाहेरून फुंकावा, पण घरी कधीही उघडू नये. त्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीज धरून असतात. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून मसुराच्या दाण्याएवढी नवी लावली. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी टोकांवरून शाळेतला पांढरा खोडरबर फिरवला. मशीन नुसतंच पीं-पीं करून चालू होत नसेल, तर पुष्कळदा एवढ्यानंच काम होतं.

कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवायला लावलं, कारण सूत खाली बसतं. भिंतीपासून चार बोटं जागा सोडली. समोरच्या जाळीवर आतून नायलॉनची बारीक जाळी लावली, जी दर आठवड्याला काढून झटकता येते. धूळ बसू नये म्हणून चालू मशीनवर प्लॅस्टिकचं कव्हर घालायची सवय अनेक घरांत आहे. ती आधी सोडा. कव्हर मशीन बंद करून, थंड झाल्यावर घालायचं.

विजेचं प्रकरण वेगळं. जानेवारी २००७ मध्ये भिवंडीचं वीजवितरण महावितरणनं फ्रँचायझी पद्धतीनं टोरेंट पॉवरकडे दिलं आणि तेव्हापासून शहरात विजेची चर्चा बहुधा बिल आणि पुरवठा याभोवतीच फिरते. पण घरच्या कॉम्प्युटरला होणारा बराचसा त्रास मीटरच्या अलीकडचा असतो. मागाची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. त्याच वायरिंगवर कॉम्प्युटर असला की तेवढ्यापुरता व्होल्टेज बसतो आणि यूपीएस पीं करतो. कॉम्प्युटरची लाइन मीटरपासून वेगळी घेणं हा खरा उपाय.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, असं वहिनींनी सहज सांगितलं. भाईंनी टेस्टर पत्र्याला लावला. त्यातला दिवा मंद पेटला. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून कॅबिनेटकडे जाणारे लहान कपॅसिटर असतात. अर्थिंग असलं तर ती वीज जमिनीत जाते. नसलं तर पत्रा साधारण अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. त्यातला करंट अगदी थोडा, पण प्रिंटर किंवा पेनड्राइव्ह जोडताना पोर्ट जळायला तो पुरतो. शिवाय बिघाड होऊन खरोखरच फेज पत्र्यावर आला, तर माणसाला वाचवणारं अर्थिंग तिथे नसतं. इथे तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या मल्टिप्लगमध्ये खोचलेला होता. "इलेक्ट्रिशियन बोलवा, आजच," एवढंच भाई म्हणाले, आणि या एकाच गोष्टीवर त्यांचा आवाज चढला.

यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. यूपीएस न फेकता नुसती ती बदलता येते. लेझर प्रिंटर यूपीएसवर जोडू नये.

दुसरी तक्रार होती की जीएसटीची साइट उघडत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतं. भाईंनी स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख दाखवली. ती कित्येक वर्षं मागची होती. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि कॉम्प्युटर ती आपल्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ चुकलं की खरी साइटही खोटी वाटते. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराचा सीआर २०३२ नावाचा सेल असतो. प्लग काढल्यावर घड्याळ चालू ठेवणं त्याचं काम. तो बदलला, तारीख लावली आणि साइट उघडली. या खुणेवर विंडोज पुन्हा टाकायचे पैसे घेणारे लोक आहेत, म्हणून ही गोष्ट ठाऊक असावी.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना त्यानंतर वर्षभर सुरक्षा अपडेट देण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं ठेवली. जुन्या मशीनवर विंडोज ११ बहुधा चढत नाही. त्याला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की वेगात फरक पडतो, तो कुठल्याही 'क्लीनर' सॉफ्टवेअरनं पडत नाही.

राहिला डेटा. तापून मध्येच बंद पडणाऱ्या मशीनवर कॉपी अर्धवट राहते, म्हणून भाईंनी आधी सफाई उरकली. जीएसटीच्या कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो, आणि लग्नाच्या फोटोंना मुदत नसतेच. वहिनींकडे एक बाहेरची हार्ड डिस्क होती, पण ती कायम मशीनला जोडलेली. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम घुसला, तर जोडलेल्या डिस्कवरच्या प्रतीही त्याच्या हाती लागतात. कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात ठेवायची.

डिस्कवर खरंच काय आहे हे बघायला भाईंनी ती आपल्या लॅपटॉपला जोडली आणि वहिनींना जुनं कुठलंही बिल उघडायला सांगितलं. बिल उघडलं. 'फोटो' नावाचं फोल्डर मात्र उघडेना. त्याचा आकार होता २ केबी. डेस्कटॉपवरून उचलून आणलेला तो नुसता शॉर्टकट होता. खरे फोटो घरच्या मशीनच्या डी ड्राइव्हमध्येच राहिले होते. वहिनींनी ते शोधले, स्वतः कॉपी केले, फोल्डरवर राइट-क्लिक करून दोन्हीकडचे आकार जुळतात का ते पाहिलं, आणि मगच भाईंनी झाकणाचे स्क्रू आवळले.