आंब्याच्या पेट्यांची चढउतार व थप्पी

मुरुड तालुक्यात हापूस आंब्याची तोडणी एप्रिल-मे महिन्यांत ऐन भरात येते. झेल्याने फळ देठासह कसे काढावे, ऊन चढण्यापूर्वी ते सावलीत कसे आणावे, आढी कशी घालावी, या गोष्टी आपल्या बागाईतदारांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु फळ झाडावरून उतरल्यापासून टेम्पो वाशीच्या बाजारास निघेपर्यंत क्रेट व पेट्या उचलण्याचे, वाहण्याचे आणि रचण्याचे जे काम चालते, त्याकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही. ते अंगमेहनतीचेच काम, त्यात विचार तो कसला करावयाचा, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत गड्यांच्या पाठीस व मालाच्या प्रतीस सारखीच महाग पडते.

एक साधा हिशेब करून पाहावा. प्लॅस्टिकच्या नेहमीच्या क्रेटमध्ये सुमारे २० किलो आंबा मावतो. क्रेटचे स्वतःचे वजन २ किलो धरल्यास भरलेला क्रेट २२ किलोंचा झाला. झाडाखालून उचलणे, पडवीत उतरविणे, प्रतवारीसाठी मांडणे, थप्पीस लावणे व शेवटी गाडीत चढविणे, असा तो किमान पाच वेळा हाताखालून जातो. दिवसाकाठी शंभर क्रेट निघत असतील, तर दोन-तीन गडी मिळून ११ टन वजन उचलतात. म्हणून साधन विकत घेण्यापूर्वी या पाच वेळांच्या चार किंवा तीन कशा होतील, हे पाहावे. प्रतवारीचे मेज पडवीच्या आतल्या कोपऱ्यात न ठेवता माल येतो त्या दाराशी मांडले आणि थप्पी गाडी लागते त्या बाजूस केली, एवढ्यानेच एक उचल वाचते. यास एक पैसाही खर्च येत नाही.

पाठीचे दुखणे कसे उद्भवते, तेही ध्यानात घ्यावे. कमरेच्या मणक्यापासून पाठीचे स्नायू अवघ्या ५ सें. मी. अंतरावर असतात. २२ किलोंचा क्रेट हात लांब करून मणक्यापासून ५० सें. मी. अंतरावर धरला, तर तोलून धरण्यासाठी त्या स्नायूंना दसपट, म्हणजे २२० किलोंइतका ताण घ्यावा लागतो. वाकलेल्या धडाचा भार त्याहून वेगळा. तोच क्रेट पोटाशी, २५ सें. मी. अंतरावर धरल्यास ताण निम्म्यावर येतो. यास्तव उचलताना क्रेटच्या अगदी जवळ उभे राहावे, गुडघे वाकवावे, वजन अंगाशी घ्यावे आणि वळताना कंबर न पिळता पावले फिरवावीत. जमिनीवरून उचलणे सर्वांत वाईट. दोन रिकामे क्रेट पालथे घालून त्यांवर भरलेला क्रेट ठेवण्याची सवय लावल्यास निम्मे वाकणे टळते.

आपल्या भागात बागेतून घरापर्यंत माल आणण्याचे काम पुष्कळदा स्त्रिया डोकीवरून करतात. चुंबळीवर बसलेले ओझे सपाट वाटेने नेणे त्यांस कठीण जात नाही. धोका असतो तो ओझे डोकीवर चढविताना आणि उतरविताना. ते एकटीने कधीही करू नये. शिवाय क्रेट काठोकाठ भरण्याचा आग्रह सोडून द्यावा. फळे काठाच्या दोन बोटे खाली राहिली, तर वरचा क्रेट त्यांवर टेकत नाही आणि ओझेही हलके होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली माणसाने वाहावयाच्या वजनासंबंधी करार केला व त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची कमाल मर्यादा सुचविली. हा करार भारताने २०१० साली मान्य केला. परंतु ५५ किलो ही अखेरची सीमा आहे. दिवसभर पुन्हापुन्हा उचलावयाचे वजन त्याच्या निम्म्याहूनही कमी असणे इष्ट होय.

आता साधनांकडे वळू. साधन निवडताना बागाईतदार प्रथम विचारतात, ते किती वजन उचलते? वास्तविक पहिला प्रश्न जमिनीचा आहे. शेणाने सारवलेली पडवी, वाडीतील वाळूची वाट, जांभ्याची खडबडीत चढण आणि सिमेंटचा कोबा या चार जमिनींवर एकच चाक चालत नाही. नायलॉनची लहान टणक चाके कोब्यावर उत्तम फिरतात, पण वाळूत रुततात व जांभ्यावर प्रत्येक खड्ड्यागणिक फळास हादरा देतात. बागेच्या वाटेसाठी हवा भरलेली, निदान सायकलच्या निम्म्या व्यासाची रबरी चाके हवीत.

सामान्य बागाईतदारास सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे उभ्या दांड्याची दोन चाकी ढकलगाडी. तिच्या पायथ्याच्या पत्र्यावर एकावर एक चार क्रेट बसतात. त्याहून अधिक रचू नयेत. पुढचे दिसेनासे होते आणि थप्पी दांड्याच्या वर जाऊन कलंडते. तळाचा पत्रा क्रेटच्या रुंदीइतका आहे ना, हे घेण्यापूर्वी क्रेट ठेवूनच पाहावे. चार क्रेटचे ८८ किलो व गाडीचे १२ किलो मिळून १०० किलो वजन सपाट कोब्यावर एक मनुष्य सहज नेतो.

चढावर मात्र गणित बदलते. तीन मीटरच्या फळीवरून अर्धा मीटर चढावयाचे असेल, तर चढ सहास एक पडतो आणि १०० किलोंसाठी सुमारे १७ किलो जोर लावावा लागतो. हे जमण्यासारखे आहे. पण तीच फळी मीटरभर उंच अशा टेम्पोच्या फाळक्यास लावली, तर चढ तिनास एक होऊन जोर ३३ किलोंवर जातो. फळी दबते, पाय घसरतो, आणि गाडी मागच्या माणसाच्या अंगावर येते. चढताना गाडी मागे ठेवून ओढावी, उतरताना पुढे ठेवून हळूहळू सोडावी. म्हणजे माणूस नेहमी ओझ्याच्या वरच्या बाजूस राहतो.

यावर आपल्या तालुक्याच्या भूरचनेतच एक उपाय आहे. मुरुडच्या पुष्कळशा बागा डोंगरउतारावर आहेत. बागेची वाट जेथे रस्त्यास मिळते, तेथे रस्ता बहुधा एका बाजूस खाली असतो. त्या जागी जांभ्याच्या चिऱ्यांचा, टेम्पोच्या तळाइतका उंच ओटा बांधावा. बागेच्या बाजूने ओट्याची पातळी जमिनीशी मिळते, रस्त्याच्या बाजूने टेम्पो त्यास पाठ लावून उभा राहतो, आणि ढकलगाडी चढ न चढता सरळ आत जाते. बांधण्यापूर्वी नेहमीच्या गाडीची उंची भरलेली व रिकामी अशा दोन्ही वेळी मोजून घ्यावी. ओटा व गाडी यांमधील फटीवर जाड पत्रा टाकावा आणि चाकाखाली दगड घातल्याखेरीज कोणासही आत पाऊल टाकू देऊ नये. प्रस्तुत लेखकाच्या मते चढउतारीसाठी जो काही पैसा खर्चावयाचा, तो प्रथम या ओट्यावर खर्चावा.

हाताने पंप मारून उचलणाऱ्या तेलदाबाच्या यंत्रांची जाहिरात हल्ली पुष्कळ होते. पॅलेट ट्रक हे त्यांतील एक. ते दोन टनांपर्यंतचे ओझे जमिनीपासून वीतभर उचलून सरकविते. दुसरे, स्टॅकर, सुमारे एक टन वजन दीड मीटर किंवा अधिक उंच नेते. दोन्ही यंत्रे चांगली आहेत, परंतु त्यांस सपाट व पक्का कोबा लागतो, माल लाकडी पाटावर रचलेला असावा लागतो आणि उतारावर ती मुळीच चालवावयाची नसतात. सारवलेल्या पडवीत एक टनाचे यंत्र आणून ते कोपऱ्यात कोंबड्यांना बसावयास ठेवलेले पाहण्यात आले आहे! पाच-सहा बागाईतदार मिळून किंवा सहकारी संस्थेने पक्के पॅकिंग गृह उभारले असेल, तरच स्टॅकरचा खर्च भरून येतो.

स्टॅकरवर लिहिलेली ताकद ठराविक अंतरासाठी असते, बहुधा काट्यांच्या मुळापासून ६० सें. मी. साठी. ओझे काट्यांच्या टोकाकडे गेल्यास ती झपाट्याने घटते व यंत्र पुढे झुकते. म्हणून पाट मुळापर्यंत सरकवून घ्यावा. उचललेले ओझे वर ठेवून यंत्र हलवू नये, ते खाली आणून मगच चालवावे. काट्यांवर माणसास उभे करून वरचा माल काढविणे हा निव्वळ अविचार होय. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून आलेली मुले अशा यंत्रांस खेळणे समजतात. त्यांच्यासाठी काम संपताच काटे जमिनीस टेकवून दांडा साखळीने बांधावा.

थप्पीचे नियम वेष्टनानुसार बदलतात. लाकडी पेटीची चौकट ताठ असल्याने आडव्या-उभ्या थरांची थप्पी चालते. मात्र वर आलेला खिळा ठोकून बसवावा. कोरुगेटेड पुठ्ठ्याच्या खोक्याचे तसे नाही. त्याचे बळ चार उभ्या कोपऱ्यांत असते. कोपऱ्यावर कोपरा बरोबर आला पाहिजे. विटांसारखे सांधे मोडून रचल्यास अथवा खोके पाटाबाहेर लोंबत राहिल्यास ते बळ निम्म्यापर्यंत घटू शकते. सरळ थप्पीत हवेची भोकेही समोरासमोर येतात. समुद्राकाठच्या दमट हवेत पुठ्ठा ओलावा शोषून नरम पडतो, यामुळे इतरत्र आठ थर टिकत असतील तेथे मुरुडला पाच पुरे. थप्पी भिंतीपासून वीतभर दूर, फळ्यांवर करावी व छातीहून उंच नेऊ नये. उंच न्यावीच लागली, तर वरचे थर दोरीने बांधावे आणि चढण्यास क्रेट न वापरता चार पायांचे भक्कम स्टूल घ्यावे.

खारी हवा लोखंडास लवकर खाते. ढकलगाडीच्या आसास व स्टॅकरच्या साखळीस हंगामात दर आठवड्यास ग्रीस द्यावे. ओझे उचलून ठेवले असता काटे आपोआप खाली येऊ लागले, तर तेलाचे सील झिजले असे समजून यंत्र कामावरून काढावे व दुरुस्तीस द्यावे. शेवटची गाडी रवाना झाल्यावर, पाऊस सुरू होण्यापूर्वी, सर्व साधने गोड्या पाण्याने धुऊन कोरडी करावी, उघड्या लोखंडास तेलाचा हात द्यावा, आणि चाके जमिनीस टेकणार नाहीत अशा रीतीने ती फळ्यांवर ठेवून द्यावी.