पाखराचे नाव त्याच्या झाडाला विचारा

श्रोतेहो, सणसरच्या शिवारात एरंडाचे झाड शोधायला लांब जावे लागत नाही. कालव्याच्या कडेला, विहिरीपाशी, उसाच्या बांधावर ते आपले आपण उगवते. उद्या सकाळी अशा एका झाडापाशी दोन मिनिटे थांबा आणि खाल्लेली पाने उलटून बघा. दोन तऱ्हेच्या अळ्या मिळण्याचा संभव आहे. एक गुळगुळीत, पाठीची कमान करून चालणारी. तिला आपण उंटअळी म्हणतो. दुसरीच्या अंगभर काटे. पहिलीचा पुढे पतंग होतो, रात्री दिव्यावर येणारा. दुसरीचे फुलपाखरू होते, विटकरी रंगाचे, पंखांवर नागमोडी काळ्या रेघा असलेले. झाड एकच, पण घरे दोन.

तुम्ही म्हणाल, "अहो, अळी ती अळी. दिसली की औषध मारायचे. तिचे नावगाव विचारून काय करायचे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या उसातच आहे. लागण लहान असताना मधला पोंगा वाळतो आणि ओढला की सहज हातात येतो. हे काम खोडकिडीचे. तिचा पतंग गवती रंगाचा, साधासुधा. अळी खोडाच्या आत बसलेली असते, म्हणून वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. त्याऐवजी वाळलेले पोंगे काढून अळीसकट नष्ट करणे, वेळेवर बाळबांधणी करणे आणि ट्रायकोकार्ड लावणे उपयोगी पडते. त्या कार्डातून ट्रायकोग्रामा नावाची बारीक गांधीलमाशी निघते आणि किडीच्या अंड्यातच आपले अंडे घालते. आता नाव न ओळखता कोणतेही विष फवारले, तर आधी ही मदतनीसच मरते. पैसा जातो आणि कीड राहते. नाव कळणे म्हणजे निम्मा इलाज कळणे.

दुसरे उदाहरण परसातल्या लिंबाचे. कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे काही दिसते. काडीने हळूच डिवचा. डोक्यामागून तांबूस, दुभागलेले शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. ही लिंबाच्या फुलपाखराची अळी. मोठी झाली की ती हिरवी होते आणि पानात मिसळून जाते. रोपवाटिकेत ती खरोखर नुकसान करते, पण दारच्या चार झाडांवर हाताने वेचली तरी भागते. कढीपत्त्यावर आणि बेलावरही तीच सापडते, कारण ही सगळी झाडे एका कुळातली. महाराष्ट्राने २०१५ साली ज्या 'ब्लू मॉर्मन'ला राज्य फुलपाखरू ठरवले, त्याची अळीही याच कुळातली पाने खाते. राज्याचे फुलपाखरू ठरवणारे देशातले पहिले राज्य आपलेच बरे का!

पण नुसत्या रंगावर विसंबू नका. रुईच्या झाडाभोवती संथपणे उडणारे केशरी फुलपाखरू तुम्ही पाहिले असेल. पंखांची टोके काळी, त्यांवर पांढरा पट्टा. त्याची अळी रुईचा विषारी पाला खाते. ते विष फुलपाखराच्या अंगातही राहते, म्हणून पक्षी त्याला तोंड लावत नाहीत. आता घोळीची भाजी आठवा. तिच्यावर वाढणाऱ्या एका दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब असाच वेष घेते. अंगात विष नाही, नुसते सोंग! ओळखायचे कसे? मागच्या पंखाच्या मधोमध तीनचार काळे ठिपके असले तर ते रुईचे. मधोमध ठिपके नाहीत, फक्त वरच्या कडेजवळ एक आहे, तर ती सोंग घेणारी. तिचा नर तर अगदीच वेगळा, काळ्या पंखांवर मोठे पांढरे ठिपके असलेला.

अशा ठिकाणी एकट्याचे डोळे फसतात. म्हणून हा अभ्यास चार जणांनी मिळून करावा. तो काही मोठ्या पंडितांनीच सुरू केला असे नाही. साताऱ्यात जन्मलेले एटकेन मीठ व जकात खात्यात होते, डेव्हिडसन कलेक्टर, बेल जंगल खात्यात. तिघांनी कारवारच्या मुलखात अळ्या पाळल्या, कोणती अळी कोणता पाला खाते ते टिपले आणि १८९६ पासून मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात ते छापले. पुढे १९५७ साली भारतातल्या फुलपाखरांवरचे मोठे पुस्तक लिहिणारे विंटर-ब्लाइथ हे तर राजकोटला शाळा चालवणारे शिक्षक होते. गुरुजी, ही गोष्ट मुद्दाम तुमच्यासाठी सांगितली.

शाळेत एक वही घाला. तारीख, जागा, झाड, अळीचा रंग आणि पाहणाऱ्या मुलाचे नाव, एवढे रकाने पुरेत. अळी बरणीत ठेवा, तोंडाला फडके बांधा आणि रोज त्याच झाडाचा ताजा पाला द्या. केसाळ अळीला मात्र हात लावू देऊ नका, खाज सुटते. मोबाइलवर पंखांच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही बाजूंचे चित्र घ्या. फुलपाखराच्या मिशांची टोके गाठीसारखी असतात, पतंगाच्या बहुधा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या. पावसाळ्यात एखाद्या रात्री पांढरे धोतर दिव्यापुढे टांगा, पतंग आपणहून येतील. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या हौशी मंडळींनी २०१२ साली जुलैत पतंग सप्ताह सुरू केला. आता तो अनेक देशांत पाळला जातो. तुमच्या धोतरावरची नोंदही तिथे चालते.

भारतात फुलपाखरांच्या १,३०० हून अधिक आणि पतंगांच्या १०,००० हून अधिक जाती आहेत. सगळ्यांची नावे कोणालाच पाठ नसतात, तेव्हा संकोच नको. "हे मला ओळखता येत नाही" असे वहीत लिहिले तरी ती नोंदच आहे. मात्र ती करण्यासाठी बांधावर रुई, एरंड आणि घोळ उरायला हवी. बांध कोरताना, तणनाशक मारताना थोडी जागा सोडा. झाडच गेले तर पाखराचे नाव विचारायचे कोणाला?